नाव कोणी घ्यायचे?

जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला २६ फेब्रुवारी १९७१ रोजी उपग्रह भू-केंद्र सुरू झाले. उपग्रहामार्फत परदेशाशी बोलण्याची भारताची ही पहिली व्यापारी सोय. वर्षभराने टपाल खात्याने केंद्राच्या पहिल्या वर्धापनदिनी तिकीट काढले आणि केंद्राला विक्रम साराभाईंचे नाव मिळाले. आमच्या भागातल्या वारूळवाडीच्या शिवारापासून हे ठिकाण जवळच. इथली ती अवाढव्य थाळी हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून उभी असे आणि मुंबईहून लंडनला लावलेला फोन आमच्या कांद्या-बाजरीच्या रानावरून आकाशात चढत असे. केंद्र चालवणारी ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ हे केंद्र सरकारचे खाते होते. १९७१ च्याच डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले. देशाबाहेर जाणारा शब्द तेव्हा ज्या मोजक्या वाटांनी जाई त्यांतली एक वाट आर्वीची होती आणि वाटेवर पहारा सरकारचा होता.

पुणे जिल्ह्याला याची सवय जुनी आहे. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली तेव्हा संदेश पाठवण्याचे केंद्र खडकीला आणि घेण्याचे दौंडला होते. त्याआधी दोन हजार वर्षे मागे गेलो तर याच तालुक्यात नाणेघाट आहे. कल्याण-सोपाऱ्याहून चढणारा माल सातवाहनांच्या नजरेखालून जुन्नरात येई. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तिथे आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. परके लोक येत होते, राहत होते, दान देत होते. पण येत होते ते घाटाच्या तोंडातून.

राज्याराज्यांतला व्यवहारही अशाच दारांवर उभा होता. १७८६ साली चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा वकील म्हणून पुण्याला आला आणि पुढे मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी उभी राहिली. इंग्रज काय बोलतो, कोणाला भेटतो, कोणाला फितवतो हे नाना फडणिसांना हेरांकरवी काढून घेता येत होते, कारण समोरचा माणूस कुठे बसतो हे तरी ठाऊक होते. पत्रे फुटत, जासूद पकडले जात, वकिलांना निरोप देऊन परत पाठवले जाई. यातल्या प्रत्येक गोष्टीला कर्ता होता आणि त्याला नाव होते. माझा मुद्दा या नावाभोवतीच फिरतो. संगणकांच्या जाळ्यामुळे राष्ट्राराष्ट्रांच्या संबंधांत अनेक गोष्टी बदलल्या असे आपण वाचतो. त्यातला सर्वात खोल बदल मला हा वाटतो की घाव घालणाऱ्याचे नाव घेणे, न घेणे, उशिरा घेणे किंवा दुसऱ्याच्या तोंडून घ्यायला लावणे हेच आता मुत्सद्देगिरीचे मुख्य काम होऊन बसले आहे. आणि या कामात ज्याच्यावर घाव पडतो त्या सामान्य नागरिकाला कोणी काही सांगत नाही.

आर्वीचे दार हळूहळू निरर्थक झाले. १५ ऑगस्ट १९९५ ला त्या जुन्या खात्याच्या जागी आलेल्या विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. २००२ मध्ये ती सरकारी कंपनीच टाटांच्या हाती गेली. परदेशाशी होणारे आजचे बहुतेक संदेशवहन समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींमधून चालते आणि त्या केबली प्रामुख्याने खासगी कंपन्यांच्या किंवा त्यांच्या संघांच्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात केबली तुटल्या आणि भारतातल्या वाहतुकीवर परिणाम झाला. घाटाच्या तोंडाशी बसलेला जकातदार उठून गेला आहे आणि वाटा मात्र घराघरातून फुटल्या आहेत.

आता एक घटना बारकाईने बघू. कॉसमॉस ही १९०६ साली पुण्यात स्थापन झालेली सहकारी बँक. तिचे मुख्यालय गणेशखिंड रस्त्यावर आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली बनावट यंत्रणा घुसवली. कुठल्याही एटीएममध्ये कार्ड घातले की ‘पैसे द्यायचे का?’ असा प्रश्न बँकेकडे येतो. त्या दिवशी तो प्रश्न बँकेपर्यंत पोचलाच नाही, मधल्या मध्ये त्याला ‘द्या’ असे उत्तर मिळत गेले. अवघ्या दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये गेले. देशातूनही अडीच कोटी काढले गेले. त्यात कोल्हापूरची एटीएम होती. १३ तारखेला बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यावर वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

फिर्याद चतुःशृंगी पोलीस ठाण्यात दाखल झाली. ही साधी बाब आहे, पण तिच्यावर थांबायला हवे. चोरीचा गुन्हा ज्या ठाण्याच्या हद्दीत घडतो तिथे फिर्याद देतात. त्याप्रमाणे ती दिली गेली. पोलिसांनी कसून तपास केला. ज्यांनी प्रत्यक्ष एटीएमपुढे उभे राहून नोटा काढल्या ती माणसे पकडली आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. राज्याच्या पोलिसांना जे करता येण्यासारखे होते ते त्यांनी केले. पण ही माणसे म्हणजे साखळीची शेवटची कडी. मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसाठी उत्तर कोरियावरील निर्बंधांचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञगटाचा अहवाल आला. त्यात कॉसमॉसचे नाव आहे आणि चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडलेला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने उत्तर कोरियाच्या लष्करी गुप्तचर विभागातल्या तीन जणांवर जगभरच्या बँका लुटल्याचे आरोपपत्र जाहीर केले. पैसे फिरवणाऱ्या एका साथीदाराच्या संबंधित खटल्यात २०१८ साली एका भारतीय बँकेवर झालेल्या एटीएम-दरोड्याचाही उल्लेख आला.

म्हणजे फिर्याद चतुःशृंगीत आणि संशयित एक सार्वभौम राष्ट्र. १९७३ पासून भारताचे उत्तर कोरियाशी राजनैतिक संबंध आहेत. चोरीच्या तीनच महिने आधी, मे २०१८ मध्ये, आपले तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह प्योंगयांगला जाऊन आले होते. दोन देशांमध्ये बोलायला जागा होती, ओळख होती. तरी चोरीबद्दल दिल्लीने प्योंगयांगला जाहीर जाब विचारला असे दिसले नाही. नाव घेतले ते संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी. सहकारी बँकेचा सभासद, म्हणजे ज्याच्या मालकीची ती संस्था, त्याला आपल्या बँकेवर बहुधा एका परराष्ट्राने दरोडा घातला हे कळले तर ते परदेशातल्या कागदपत्रांच्या बातम्यांवरून.

दुसरी घटना मुंबईची. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाण्याच्या मोठ्या भागाची वीज गेली. कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या होत्या. लोकल जागच्या जागी थांबल्या, मुंबई विद्यापीठाला परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कोविडचे दिवस होते; रुग्णालये जनित्रांवर गेली. त्याच्या चार महिने आधी गलवानमध्ये चीनशी झालेल्या झटापटीत वीस भारतीय जवानांना वीरमरण आले होते. २८ फेब्रुवारी २०२१ ला ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या अमेरिकन कंपनीचा अहवाल प्रसिद्ध झाला: चीनशी संबंधित ‘रेडइको’ नावाच्या गटाने भारताच्या वीजयंत्रणेत घुसखोरी केली आहे. मुंबईच्या अंधाराशी संबंध असू शकतो असे कंपनीने सुचवले, पण ते सिद्ध करता येत नाही हेही सांगितले.

दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख बोलले. राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालानुसार वीज मंडळाच्या यंत्रणेत १४ ‘ट्रोजन हॉर्स’ घातले गेले असावेत आणि ८ जीबी माहितीची संशयास्पद हालचाल झाली असावी असे त्यांनी सांगितले. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी वेगळेच सांगितले: वीज गेली ती मानवी चुकीमुळे, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. चीनने आरोप फेटाळले. आणि याच गदारोळात केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या पत्रकात एक वाक्य आले ज्याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले. १२ फेब्रुवारी २०२१ रोजीच, म्हणजे अमेरिकन अहवालाच्या पंधरवडाभर आधी, केंद्राच्याच महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांचे रक्षण करणाऱ्या संस्थेने पत्र पाठवून वीजक्षेत्राला सावध केले होते. चिनी शासनाचा पाठिंबा असलेला ‘रेडइको’ गट वीजभार नियंत्रण केंद्रांना लक्ष्य करतो आहे, असा त्या पत्राचा आशय होता. तर सरकारच्या एका हाताने नाव लिहिलेले होते. दुसरा हात ते उच्चारत नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये लडाखजवळच्या वीजकेंद्रांबाबत असाच अहवाल आला तेव्हा आर. के. सिंह यांनीच सांगितले की चिनी हॅकर्सनी दोन प्रयत्न केले, पण ते फसले.

ही तफावत मला फार बोलकी वाटते. फसलेल्या हल्ल्याच्या वेळी नाव घेता येते, कारण त्यातून आपली तटबंदी मजबूत दिसते. ज्या हल्ल्यात नुकसान झाल्याचा संशय आहे त्याचे नाव घेतले तर पुढचा प्रश्न येतो: मग तुम्ही काय केले? मुंबईत लोकलमध्ये अडकलेल्या माणसाला तो प्रश्न विचारण्याचा हक्क होता. तो विचारला जाऊ नये अशी व्यवस्था मात्र दोन मंत्र्यांच्या परस्परविरोधी विधानांमधून आपोआप होऊन गेली.

राज्यघटनेची मांडणीही इथे आडवी येते. पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था राज्यसूचीत, परराष्ट्र व्यवहार संघसूचीत. जुन्या जगात या दोन याद्या एकमेकींच्या पायात क्वचितच येत, कारण परकी फौज चतुःशृंगीच्या हद्दीत एकदम उगवत नसे. आता ती उगवते. राज्याचा पोलीस अधिकारी तपास करत करत जिथे पोचतो तिथे एखाद्या देशाचे सैन्य असते आणि त्या देशाला काही बोलण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. मे २०२५ मध्ये हे पुन्हा दिसले. पहलगामचा हल्ला आणि त्यानंतरच्या लष्करी कारवाईच्या दिवसांत महाराष्ट्र सायबर विभागाने अहवाल तयार केला. सात संघटित गटांनी भारतावर सुमारे पंधरा लाख सायबर हल्ले केले आणि त्यातले केवळ दीडशे यशस्वी झाले, असे त्यात म्हटले होते. पाकिस्तानसह काही देशांची नावेही त्यात होती. याच काळात ‘एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार’ असे निरोप गावागावांतल्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरत होते आणि ते खोटे असल्याचे केंद्राला जाहीर करावे लागले. मला त्या पंधरा लाखांत फारसा रस नाही. यंत्रे रात्रंदिवस दारे खडखडवत असतात. प्रत्येक खडखडाट मोजला की आकडा फुगतोच. मला ते दीडशे हवे आहेत. कोणाची संस्थळे होती ती? रुग्णालय होते का, पंचायत होती का, बँक होती का? कोणाची माहिती गेली आणि ज्यांची गेली त्यांना कोणी कळवले का?

नाव न घेण्यामागे भ्याडपणाच असतो असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये पँगाँगच्या दोन्ही काठांवरून सैन्य मागे घेण्याचा समझोता नुकताच अमलात येत होता. अशा वेळी मुंबईच्या अंधाराचे खापर जाहीरपणे चीनवर फोडले असते तर रणगाडे मागे घेण्याची ती नाजूक प्रक्रिया कदाचित विस्कटली असती. बर्फात उभ्या असलेल्या जवानाच्या जिवाच्या बदल्यात दिल्लीने एक आरोप गिळला असेल तर तो निर्णय मला समजतो. दुसरे, पुरावा दाखवणे म्हणजे तो कसा मिळवला हे दाखवणे. गुप्तहेर खाती यासाठी सहसा तयार होत नाहीत. तिसरे, नाव चुकूही शकते. फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनावेळी संगणकयंत्रणा पाडली गेली. त्या घातक प्रणालीत उत्तर कोरियाच्या खुणा मुद्दाम पेरलेल्या होत्या. नंतर ब्रिटन आणि अमेरिकेने ते काम रशियन लष्करी गुप्तचरांचे असल्याचे जाहीर केले. पहिल्या दिवशी दिसलेल्या खुणांवर कोणी भलत्याच राष्ट्राला दोषी ठरवले असते तर?

ही कारणे खरी आहेत. पण ती सगळी समोरच्या राष्ट्राशी काय बोलावे याबद्दलची आहेत. आपल्या माणसांना काय सांगावे हा प्रश्न वेगळा आहे आणि या दोन प्रश्नांची आपल्याकडे गल्लत झाली आहे. शत्रूशी मौन पाळायचे म्हणून नागरिकाशीही मौन, हा सरकारी सोयीचा हिशेब आहे. कायद्यातही त्याची छाप दिसते. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कोणत्याही कंपनीवर, बँकेवर, संस्थेवर सायबर हल्ला झाला तर सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेला कळवणे बंधनकारक आहे. सहा तास. कळवले नाही तर शिक्षेची तरतूद आहे. उलट दिशेने मात्र असे काही बंधन नाही. सरकारला कळले की त्याने लोकांना किती तासांत, किती महिन्यांत, किती वर्षांत सांगावे याला मुदतच नाही. त्यावर कडी म्हणजे नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘सर्ट-इन’ला माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतून वगळण्यात आले. नागरिकाने विचारायचे कुठे?

इतर देशांनी नाव घेतले तेव्हा काय झाले हेही बघू. २७ जून २०१७ ला युक्रेनवर सोडलेला ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक विषाणू मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीच्या यंत्रणेत शिरला आणि तिथून थेट न्हावा-शेवाला आला. जवाहरलाल नेहरू बंदरातले मर्स्कच्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. कंटेनर हाताने नोंदवावे लागले, ट्रकच्या रांगा लागल्या. जुन्नर-आंबेगावचा माल परदेशी जातो तो याच बंदरातून. रशिया-युक्रेनच्या भांडणाचा धक्का आमच्या महामार्गावरच्या वाहतुकीला बसू शकतो हे त्या आठवड्याने दाखवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन, अमेरिका, डेन्मार्क आणि आणखी काही देशांनी रशियाचे नाव घेतले. स्वतःच्या तेव्हाच्या सर्वात मोठ्या कंटेनर बंदराला झळ लागूनही भारत त्या यादीत नव्हता. रशियाशी आपले संबंध पाहता हे समजण्यासारखे आहे. पण मर्स्कने आपले नुकसान पंचवीस-तीस कोटी डॉलर असल्याचे जाहीर केले, तसा आपल्या बंदरातल्या तुंबलेल्या मालाचा ताळेबंद तरी लोकांसमोर यायला हवा होता. त्यासाठी मॉस्कोला दुखावण्याची गरज नव्हती. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अल्बेनियासारख्या छोट्या देशाने सरकारी यंत्रणांवरच्या हल्ल्यासाठी इराणशी राजनैतिक संबंधच तोडले, वकिलातीला चोवीस तासांत देश सोडायला सांगितले. सायबर हल्ल्यापायी वकिलात बंद होण्याची ही पहिलीच वेळ. आपण तसे करावे असे मी म्हणत नाही. पण अल्बेनियाच्या नागरिकाला आपल्या सरकारी कागदपत्रांना कोणी हात घातला हे आपल्याच पंतप्रधानांच्या तोंडून ऐकायला मिळाले.

आपले सरकार या क्षेत्रात गप्पच असते असेही नाही. गलवाननंतर दोन आठवड्यांत, २९ जून २०२० ला, ५९ चिनी अॅप बंद झाली. टिकटॉकवर नाचणाऱ्या-गाणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना सीमेवरच्या घडामोडीची झळ पहिल्यांदा जाणवली ती मोबाईलच्या पडद्यावर. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या सायबर-फसवणुकीच्या छावण्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणले. नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबलेली ती पोरे होती आणि आपल्या वकिलातींनी त्यांच्यासाठी खरोखर धडपड केली. जिथे दार दिसते, अॅपच्या दुकानाचे असो की विमानतळाचे, तिथे आपले राज्य तत्पर असते. जिथे दारच नाही तिथे काय करायचे याची रीत अजून बसलेली नाही.

रीत बसवता येते का? आमच्या भागातली एक गोष्ट मला यासाठी महत्त्वाची वाटते. वारूळवाडी, नारायणगाव, गुंजाळवाडीच्या पट्ट्यात द्राक्षबागा आहेत. युरोपात पाठवायच्या द्राक्षाची बाग हंगामाआधी कृषी खात्याकडे नोंदवावी लागते. प्लॉटला क्रमांक मिळतो. कोणत्या दिवशी कोणते औषध किती फवारले याची वही ठेवायची. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस त्या प्लॉटमधून नमुना नेतो आणि निकाल ‘ग्रेपनेट’ या संगणकप्रणालीत चढतो. ही प्रणाली ‘अपेडा’ या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेने २००६-०७ च्या सुमारास उभी केली. उर्वरित अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला की त्या प्लॉटचा माल युरोपला निघतच नाही. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या सगळ्या तपासणीवर संदर्भ प्रयोगशाळा म्हणून नजर ठेवते. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशांवरून युरोपने माल अडवला तेव्हा बागायतदारांचे कंबरडे मोडले होते. त्यानंतर तपासणीची यादी आणि शिस्त वाढवली गेली. हीसुद्धा राष्ट्राराष्ट्रांतली मुत्सद्देगिरीच आहे आणि तीही जाळ्यातून चालते. हॉलंडमधला खरेदीदार आपल्या एका शेतकऱ्याच्या बागेपर्यंत उलट माग काढू शकतो. तिथे दोष कोणाचा हे सांगण्याची पद्धत आधी ठरली, मग विश्वास बसला. शेतकऱ्याच्या बाबतीत ‘तुझ्या प्लॉटमध्ये अंश सापडला’ असे नाव घेऊन सांगायला कोणी कचरत नाही. द्राक्षाच्या घडाचा माग शेतापर्यंत लावण्याचा आग्रह धरणारे जग बँकेच्या दरोड्याचा माग राजधानीपर्यंत लागला की डोळे मिटते, हे मला पटत नाही.

लहरींच्या बाबतीतही नियम आधी बसले. आर्वीपासून लांब नसलेल्या खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या ‘शियापरेली’ यानाचा क्षीण संदेश तिने पकडला होता. एवढे क्षीण काही ऐकता येते, कारण कोणत्या लहरी कोणी वापरायच्या याचे आंतरराष्ट्रीय करार आहेत आणि ते पाळण्याची यंत्रणा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ १८६५ पासूनचा. लहरींनाही सीमा नव्हत्या, तरी राष्ट्रांनी बसून वाटणी केली. जाळ्याच्या बाबतीत २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने वर्तनाचे अकरा संकेत मांडले: दुसऱ्या देशाच्या वीज-पाण्यासारख्या यंत्रणांना इजा करू नये, आपल्या भूमीवरून जाणूनबुजून अशी कृत्ये होऊ देऊ नयेत. २०२१ च्या गटात भारत होता आणि त्याने या संकेतांना पुन्हा मान्यता दिली. संकेत आहेत; मोडणाऱ्याचे नाव कसे ठरवायचे याची सर्वमान्य पद्धत नाही. जुलै २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत कायमस्वरूपी व्यासपीठ उभारण्यावर एकमत झाले आहे. भारताने सायबर गुन्ह्यांबाबतचा २००१ चा बुडापेस्ट करार स्वीकारला नाही, कारण तो आपल्याला न विचारता लिहिला गेला. तो आक्षेप रास्त होता. नव्या व्यासपीठावर मात्र आपण पहिल्या दिवसापासून आहोत. तिथे बोलताना आपल्या प्रतिनिधींच्या हाती काय असणार? प्योंगयांगच्या दरोड्याबद्दल आपला स्वतःचा, तपासलेला, जाहीर असा दस्तऐवज नसेल तर अमेरिकेचे आरोपपत्र दाखवून बोलावे लागेल.

म्हणून मागणी घरापासूनच सुरू व्हायला हवी. सायबर हल्ल्याबाबत सरकारने कोणाचे नाव केव्हा घ्यावे हे परराष्ट्र मंत्रालयाने ठरवावे. पण काय गेले, कोणाचे गेले, कशामुळे गेले हे नुकसान झालेल्यांना ठरावीक मुदतीत सांगणे कायद्याने बंधनकारक असावे. नाव राखून ठेवायचे असेल तर ठेवा, मात्र किती वर्षांनी ते उघड होईल याची तारीख आज लिहा आणि तोवर संसदेच्या समितीपुढे पुरावा ठेवा. राज्यांच्या सायबर विभागांना केंद्राने आपल्याकडची माहिती द्यावी, म्हणजे एकाच अंधाराबद्दल दोन मंत्री दोन गोष्टी सांगणार नाहीत. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला तर सुरुवात करायला कोणाची परवानगीही नको. १२ ऑक्टोबर २०२० चा तपास राज्याच्या विभागाने केला, तो सांगणारा मंत्री राज्याचा होता आणि वीजवाहिन्याही राज्यातल्या. त्या १४ ट्रोजनांचे आणि ८ जीबींचे पुढे काय निष्पन्न झाले, ते खरे ठरले की खोटे, हे तांत्रिक पुराव्यासह सभागृहाच्या पटलावर ठेवा असा प्रश्न येत्या अधिवेशनात कोणत्याही पक्षाचा आमदार लावू शकतो. जुन्नर-आंबेगावच्या आमदारांनी लावला तरी चालेल.